गंगेला ओहोटी नाही

आपल्या अंकाच्या संपादकांनी माझ्याकडे 'काशीतील महाराष्ट्रीय तरुणांचे कर्तव्य' ह्या विषयावर लेख मागितला. त्यांची क्षमा मागून मी मासळीवर लिहितो आहे. कर्तव्यावर मी पुष्कळ पत्रकं लिहिली. ती छापली, वाटली, भिंतींना चिकटवली, आणि पोलिसांनी ती ओली करून खरवडली. त्यातल्या एकाही पत्रकाला कशाचा वास नव्हता. मी आता जे काम करतो त्याला आहे. ब्रह्मा घाटावर घरी गेलो की आई माझा सदरा रिठ्यात भिजवते, पुन्हा भिजवते, आणि मग नाक मुरडून म्हणते, "अरे, ह्यातून समंदर काही जात नाही."

कुलाबा जिल्ह्यातल्या एका कोळीवाड्यात मी खलाशी आहे. भटाचा मुलगा मासे मारतो हे ऐकून ज्यांना स्नान करावंसं वाटत असेल त्यांनी खुशाल करावं, गंगा जवळच आहे. मी तिथे गेलो तो मासे मारायला नव्हे. मिठाच्या जुलमाविरुद्ध लोकांना जागं करायला मला आमच्या मंडळींनी पाठवलं होतं. जाऊन बघतो तर लोक माझ्या आधी, पहाटेच जागे झालेले. झोपलेला मीच.

बाहेरच्यांना हा धंदा थोडक्यात सांगतो. आमची डोलीची मासेमारी. डोल म्हणजे लांबलचक पिशवीसारखं जाळं, तोंड रुंद, शेपटी अरुंद. किनाऱ्यापासून काही अंतरावर समुद्राच्या तळात लाकडी खुंट ठोकलेले असतात, त्यांना डोलीचं तोंड बांधायचं. मग आपण काही करायचं नाही. जे करायचं ते पाणी करतं. भरतीचं किंवा ओहोटीचं पाणी जोरानं तोंडातून शिरतं आणि बोंबील, कोळंबी, जवळा, मांदेली शेपटीत कोंबतं. पाणी थबकलं की होडी नेऊन शेपटी वर घ्यायची, गाठ सोडायची, होडीत रिकामी करायची. पुनव-अवसेच्या सुमाराला पाण्याला ओढ असते, त्याला उधाण म्हणतात. अष्टमीच्या आसपास पाणी मंदावतं, तो भांग. भांगात डोल काढून शिवत बसायचं. नारळी पौर्णिमेला नारळ वाहून होड्या पाण्यात जातात आणि जेठात आगोट लागली, म्हणजे पावसाचं वारं फिरलं, की सगळं जाळं, दोर घरी आणून होड्या वाळूवर ओढतात. मधले पावसाळी महिने समुद्र बंद.

आणि मीठ! समुद्राच्या काठावर जन्मलेल्या माणसाला मीठ उचलायची बंदी. मिठागर दारात, त्यावर सरकारी शिपाई उभा. घोळ, मुशी असली मोठी मासळी खारवायची तर ती डोक्यावर घेऊन दूरच्या सरकारी आवारात जायचं. तिथेच त्यांचं मीठ, तिथेच त्यांचा कारकून, तिथेच खारवणी. वैशाखाच्या उन्हात बायका पोचेपर्यंत अर्धी मासळी नरम. कारकून छत्रीखाली बसून म्हणणार, "ही वासाची आहे, मागे न्या." वास मासळीला नव्हता, कायद्याला होता! हे वाक्य मी पत्रकात घातलं आणि मोठ्या अभिमानानं तांडेलाच्या घरी वाचून दाखवलं.

तांडेल म्हणजे होडीचा कप्तान. आमचा हिराजी तांडेल. भुवया पांढऱ्या, बोलणं कमी. त्याचा मुलगा जोमा होडीवर माझ्या बाजूला उभा राही. जोमाची बायको चांगुणा. पत्रक ऐकून तिनं विचारलं, "वाचून झालं?"

"झालं."

"मंग दे." तिनं त्यात सुकट बांधली. "कागूद बरा हाय तुजा. आजून छाप."

जोमा तर पोट धरून हसला. पहिल्या दिवसापासून त्यानं मला काशीकर हे नाव लावलं. "बगा रे," तो इतर खलाश्यांना सांगे, "लोकं काशीला मरायला जातात, ह्यो तितून जगायला आला!" डोलीची शेपटी कशी वर घ्यायची, ओल्या दोराला हात कसा सोलू द्यायचा नाही, होडी कलली तर वजन कुठे टाकायचं, हे सगळं त्यानं मला शिव्या घालत शिकवलं. मी शाकाहारी म्हणून चांगुणा मला भाकरीबरोबर चवळी देई आणि जोमा स्वतःच्या ताटातला बोंबील माझ्या नाकासमोर नाचवून विचारी, "ह्याला गंगेतली वांगी समजून खा की!"

आगोटीच्या तोंडावर जोमा गेला. 'गेला' हा शब्द मी लिहितो आहे खरा, पण तोच वादाचा आहे. शेवटचे दोर आणायला लहान होडीतून तो, धर्मा खलाशी आणि आणखी एक जण निघाले. आभाळ स्वच्छ होतं. मी वाळूवर वाळत घातलेले बोंबील गोळा करत होतो. वारा एकदम फिरला, माझ्या हातातलं फडकं उडून गेलं, आणि समुद्राचा रंग बदलला. संध्याकाळी दोघे वल्ह्याला धरून किनाऱ्याला लागले. जोमा लागला नाही. पुढे कितीतरी दिवस सगळा वाडा किनारा चाळत होता. दोर आले, होडीची फळी आली. जोमा आला नाही, काही कळलंही नाही.

चांगुणानं कुंकू पुसलं नाही. तिला कुणी तसं म्हटलं की ती उठून पाणी आणायला जाई.

पण होडीचं काय? खलाश्यांनी तांडेलाला सांगून टाकलं: जोमाचं दिवसकार्य झाल्याशिवाय आम्ही होडीवर चढणार नाही. त्यांची समजूत अशी की ज्याचं कार्य झालेलं नाही तो पाण्यात अडकून राहतो आणि घरच्या होडीला हात घालतो. धर्मा तर म्हणाला, "त्याचा हात माज्या हातातून सुटलाय. मला म्हाईत हाय तो कसा धरतो." नारळी पौर्णिमेला होडी पाण्यात गेली नाही तर हंगाम गेला, आणि हंगाम गेला तर घर उपाशी. पंचांनी ठरवलं: काशीकराचा बाप काशीत भट आहे, तिथे जाऊन कार्य करा. सुनेलाही न्या. बांगड्या तिथेच गंगेवर फुटू देत, गावात नको.

अशा रीतीनं आषाढ सरता सरता (आमच्या घरात आषाढ, गल्लीत केव्हाच सावन!) मी हिराजी तांडेलाला आणि चांगुणाला घेऊन काशीला उतरलो. सगळ्या प्रवासात ती खिडकीशी बसून होती. तांडेलाच्या मांडीवर एक गाठोडं होतं: जोमाचा सदरा, त्याची टोपी, घरचा नारळ. देह नाही म्हणून हे.

आमच्या घरी मुक्काम. आईनं दोघांना ओटीवर नव्हे, माजघरात जेवायला वाढलं. शेजारच्या काकूंनी खिडकीतून पाहिलं तेव्हा आई मोठ्यानं म्हणाली, "तरकारी आणखी घे गं पोरी, लाजू नको." हे मी मुद्दाम छापून आणतो आहे. काकूंनी हा अंक वाचावा.

जेवणं झाल्यावर मी वडिलांना गाठलं. आम्ही त्यांना तात्या म्हणतो. तात्या कोकणच्या यात्रेकरूंची कामं करतात, आणि तात्यांचं व माझं पटत नाही हे अख्ख्या घाटाला ठाऊक आहे.

"तात्या, हे कार्य तुम्ही करणार?"

"यजमान इतक्या लांबून आलाय."

"म्हणजे दक्षिणेसाठी एका जित्याजागत्या बाईच्या बांगड्या फोडणार!"

"हळू बोल, आत ती झोपली आहे."

"मी हळू बोलणार नाही. मी ह्याच्यावर पत्रक काढीन."

"काढ," तात्या म्हणाले, "पण मागल्या पत्रकात शुद्धलेखन फार वाईट होतं. उद्या घाटावर बोलू."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघं घाटावर गेलो. तात्यांना आधी दशाश्वमेधावर कोकणातल्याच आणखी एका यजमानाचं काम उरकायचं होतं. ते मागून येणार होते. गंगा भरून आली होती. मातकट, रुंद, पायऱ्यांवर चढत चाललेली. तांडेलानं बराच वेळ तिच्याकडे डोळे बारीक करून पाहिलं. मग वाकून ओंजळभर पाणी तोंडात घेतलं आणि चेहरा असा केला की मला हसू आवरेना.

"आळनी!" तो म्हणाला.

"गंगा आहे, तांडेल."

"आसंल गंगा. पन आळनी हाय."

त्यानं गाठोडं पाण्यापासून वरच्या पायरीवर ठेवलं आणि शेजारी टेकून बसला. आमच्या घाटावरचा रामधनी मल्लाह होडी बांधत होता. तो म्हणाला, "दादा, गठरी ऊपर धर लो. मैया चढ़ रही हैं."

मी सांगितलं काय म्हणतोय ते. तांडेल म्हणाला, "दिसतंय मला. भरती हाय. कवा लागली ती इचार."

रामधनी म्हणाला, कितीतरी दिवसांपासून चढते आहे.

तांडेल त्याच्याकडे जसा पाहत राहिला तसा मिठाच्या कारकुनाकडेही त्यानं कधी पाहिलं नव्हतं. "पानी दिवस-दिवस चढत नाय," तो मला म्हणाला. "तुजा मानूस खुळा हाय. पानी चडतं, थांबतं, उतरतं. आता थांबंल."

"तांडेल, ही नदी आहे. हिला भरती-ओहोटी नसते."

"आमच्या खाडीला नाय का?"

"खाडी समुद्राची असते. ही वरून, हिमालयातून येते."

"कुटूनबी यिऊ दे," तो म्हणाला, "पानी तर पानीच ना!"

आणि तो बसून राहिला. त्याचा हट्ट नव्हता हो तो. ज्या माणसानं आयुष्यभर भरवसा ठेवला तो एकाच गोष्टीवर, की आलेलं पाणी परत जातं आणि गेलेलं परत येतं, त्याच्या हाडात ते बसलेलं. त्यावर त्याचं जेवण, त्याची झोप, त्याच्या मुलांची लग्नं. त्यानं पाण्याच्या कडेला खडूचा दगड घेऊन पायरीवर रेघ ओढली. रेघ बुडाली. त्यानं वर दुसरी ओढली. तीही बुडाली. रामधनीनं होडी सोडून वरच्या कड्याला बांधली. दिवस चढला, तात्यांचा पत्ता नाही. मी वर जाऊन गल्लीच्या तोंडाशी त्यांची वाट पाहत उभा राहिलो.

चांगुणाची हाक ऐकली म्हणून धावत आलो. घाटाच्या कोपऱ्यावरून पाण्याचा एक लोट वळून आला होता आणि गाठोडं उचललं गेलं होतं. तांडेलाला ते हातभर अंतरावरून घेता आलं असतं. त्यानं घेतलं नाही. तो म्हणत होता, "थांब, परत यील. जराशानं परत यील." गाठोडं पायऱ्यांशेजारून गोल फिरलं, मग प्रवाहात शिरलं. रामधनी होडी घेऊन झेपावला, पण तोवर ते झेंडूच्या माळांच्या आणि वाहत्या लाकडांच्या रांगेत मिसळून पार पुढे गेलं होतं. रामधनी रिकामा परत आला आणि मान खाली घालून उभा राहिला.

तांडेल अजून खालच्या अंगाला बघत होता. पाणी परत फिरेल आणि गाठोडं त्याच पायरीला लागेल, अशा नजरेनं. त्याचे ओठ हलत होते.

चांगुणा त्याच्या शेजारी बसली. "मामा," ती म्हणाली, "हितं परत नाय येत. मी मगासपासून बगतेय. एक बी फूल परत नाय आलं."

तांडेल रडला. मी त्याला जोमा गेल्यावरही रडताना पाहिलं नव्हतं.

इतक्यात तात्या आले. खांद्यावर पंचा, कपाळावर घाम. झालेला प्रकार मी सांगितला. ते पायरीवर बसले, तांडेलाच्या पाठीवर हात ठेवला, आणि थोड्या वेळानं चांगुणाकडे वळले. आतापर्यंत पंच बोलले होते, खलाशी बोलले होते, मीही तिच्या वतीनं भरपूर बोललो होतो. तिला कुणी काही विचारलं नव्हतं.

"मुली, तुझा उजवा हात रिकामा का? बांगड्या डाव्याच हातात?"

तिनं पदर सावरला. "आमच्यात तसंच आसतं. लग्नात उजव्या हातातल्या बांगड्या दर्यात सोडतात. त्याला सांगायचं, ह्या तुला घे, माजा नवरा मला परत दे. रोज परत दे."

"आणि डाव्या हातातल्या?"

"त्या माज्या."

मग तीच पुढे बोलायला लागली, आणि मी तिला एवढं सलग बोलताना पहिल्यांदाच ऐकलं. "भटजी, माजा सौदा दर्याशी हाय. तो मानूस ज्या पान्यात गेला ते पानी दिवसातून दोनदा माज्या दारात येतं. दोर आनून टाकले त्यानं, फळी आनून टाकली. मानूस आनला नाय, तर आजून त्याच्याकडं हाय. मी त्याला इचारीन. ह्या बाईनं," तिनं गंगेकडे हात केला, "माजं काय घेतलं न्हवतं. हिला मी माज्या बांगड्या का देऊ? ही तर दिलेलं परतच करत नाय."

घाटावरचे दोन-तीन जण थांबून ऐकत होते. गंगेबद्दल असं बोललेलं ब्रह्मा घाटानं कधी ऐकलं नसेल. मी तात्यांकडे पाहिलं. आता ते काय म्हणतात त्यावर माझं पुढचं पत्रक ठरणार होतं.

तात्यांनी तांडेलाला विचारलं, "मुलाचा देह कोणी पाहिला?"

"नाय."

"मरताना कोणी पाहिलं?"

"हात सुटला, येवडंच धर्मा सांगतो."

"मग मी श्राद्ध कोणाचं करू? बेपत्ता माणसाची बारा वर्षं वाट पाहायची असते. त्याच्या आधी त्याला मेला म्हणण्याचा अधिकार मला नाही, तुमच्या पंचांनाही नाही."

"पन खलाशी चडनार न्हाईत, भटजी. होडी कुजंल."

"त्यांना सांगा, काशीला गेलो होतो आणि काशीनं नाही म्हटलं." तात्या उठले. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "हे शुद्ध छाप."

माझा जळफळाट झाला, हे लपवत नाही. मी विधवांच्या हालांवर इतका कागद काळा केला, आणि तिच्या बांगड्या वाचवल्या त्या एका जुन्या पोथीतल्या नियमानं! पण मी त्या दिवशी तात्यांच्या मागून गल्लीतून चालताना त्यांचा पंचा हातात घेतला. आमच्यात एवढं पुष्कळ झालं.

नारळी पौर्णिमेला आम्ही परत वाड्यावर होतो. वाजत गाजत नारळ निघाला, सगळा वाडा किनाऱ्यावर. इतरांच्या होड्या पाण्यात शिरल्या, आमची वाळूवर. तांडेलानं खलाश्यांना काशीचा निर्णय सांगितला. कोणी हललं नाही. बारा वर्षं हा शब्द त्यांच्यात फिरत राहिला. धर्मा सगळ्यांच्या मागे, पाण्याकडे पाठ करून उभा होता.

चांगुणा त्याच्यासमोर गेली. हिरवं लुगडं, कपाळावर कुंकू. "धर्मादादा, त्यानं होडीला हात घातला तर काय करशील?"

धर्मा पुटपुटला, "धरीन."

"मंग चड की. हितं वाळूत हुबा राहून कसा धरशील?"

धर्मानं डोळे पुसले आणि होडीला खांदा लावला. "बारा वर्सं," तो बाकीच्यांवर ओरडला, "तोवर माजे गुडगे ऱ्हातील का? या रे, आत्ताच ढकला!" लोक हसले, आणि हसता हसता होडी पाण्यात गेली. मी तिच्यावर होतो.

पहिल्या उधाणाला डोल जड आली. किनाऱ्याला बायका पाट्या घेऊन गुडघाभर पाण्यात उभ्या होत्या. जोमा जिथून पाटी खाली देई तिथून मी दिली. मला गप्प राहवत नाही, तुम्हाला ठाऊक आहेच. मी म्हटलं, "चांगुणा, बारा वर्षं फार होतात. त्यात तुझं सगळं वय जाईल. तात्यांचा नियम बरोबर असेल, पण तो काही न्याय नव्हे. तुमच्यात पाटाचं लग्न चालतं, तुला कोणी अडवणार नाही."

तिनं पाटी डोक्यावर घेतली, चुंबळ नीट केली. पाणी तिच्या गुडघ्यांवर चढत होतं.

"बारा वर्सं तुज्या बापाची," ती म्हणाली. "माजी मी मोजीन. सरली की डाव्या हातातल्या माज्या मीच काडीन, कुनाला फोडू देनार नाय." आणि बाजाराच्या वाटेला लागता लागता मागे वळून ओरडली, "दुसरी पाटी भर, काशीकर! हुबा काय ऱ्हायलास?"